तुमच्या तोंडाने सांगा

भिवंडीत कुणी 'निघालोय' म्हणालं तर माझा त्यावर काडीचा विश्वास बसत नाही. माणूस निघालोय म्हणतो तेव्हा तो फार तर अंथरुणातून निघालेला असतो. 'पोचतोच' म्हणाला तर समजावं, चप्पल शोधतोय. आणि 'पाच मिनिटांत' म्हणाला तर खुशाल चहा टाकावा, प्यावा आणि कप धुऊन ठेवावा. मी हे उगाच बोलत नाही. दापोड्याच्या गोदामात तीन वर्षं माझं हेच काम होतं. कुठला ट्रक किती वाजता कुठल्या दरवाज्याला लागणार, त्याच्या वेळा ठरवायच्या आणि त्या पाळल्या जात नाहीत म्हणून दिवसभर डोकं फोडून घ्यायचं.

गोदाम दीपेशशेठचं. आमच्याच समाजातले, आगरी. वडिलांच्या भातशेतीच्या जागेवर त्यांनी गोदाम बांधलं आणि मग भिवंडीच्या लूमवरचं, म्हणजे यंत्रमागावरचं, कापड परदेशी पाठवायला लागले. माणूस मनाने चांगला, पण घड्याळ हातात फक्त चमकण्यासाठी. आफ्रिकेत मोझांबिक नावाचा देश आहे, तिथल्या बायका कमरेला रंगीत कापड गुंडाळतात. त्या कापडाची एक मोठी व्यापारी बाई मापुतो शहरात राहते, दोना अल्सिरा. दोना म्हणजे आपल्याकडे 'बाई' लावतात तसं. तिला इंग्रजी जेमतेम येतं. ती पोर्तुगीज बोलते.

या बाईला शेठनी एका वर्षात दोनदा ताटकळत ठेवलं होतं. एकदा व्हिडिओ कॉल ठरला. त्यांच्या आणि आपल्या घड्याळात साडेतीन तासांचा फरक. शेठनी तीन तास मोजले आणि वरचा अर्धा तास सोडून दिला, भाजी घेताना सुट्टे सोडतात तसा. ठरल्या वेळी कुणीच नाही म्हणून इकडे शेठ चिडून बाहेर गेले आणि अर्ध्या तासाने तिकडे ती बाई रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली. दुसऱ्यांदा ती स्वतः मुंबईला आली, तर हॉटेलवर गाडी दोन तास उशिरा पोचली, कारण ड्रायव्हर 'निघालोय' म्हणाला होता. ती तशीच परत गेली. जाताना एवढंच म्हणाली की आता एकदाच येईन, कापड लूमवरून उतरताना माझ्या डोळ्यांनी बघेन, आणि तेव्हाही असंच झालं तर मला फोन करू नका.

त्या दुसऱ्या वेळेनंतर मी पोर्तुगीज शिकायला लागले. जेवणाच्या सुट्टीत, मोबाइलवर, कानात बोंडं घालून. गोदामाच्या मागे हमाल पोती उतरवायचे आणि मी भिंतीकडे तोंड करून 'बों दिया, बों दिया', म्हणजे सुप्रभात, करत बसायचे. आमचा कुणाल, माझा धाकटा भाऊ, घरी मला फिरंगीण म्हणायला लागला. बोलेना का. दीड वर्षात मी बरीच मजल मारली. सगळ्यात आधी वेळा शिकले, कारण माझा धंदाच वेळांचा. किती वाजता, कुठल्या वारी, कुठे, कोण येणार. आणि लूमला काय म्हणतात ते मुद्दाम शोधून ठेवलं, तेआर. शेलारमध्ये घर आहे आमचं. दिवसरात्र लूमचा खडखडाट ऐकत मोठी झाले, तो शब्द यायलाच हवा होता.

मग एक दिवस हिंमत करून शेठना म्हटलं, "मापुतोचं टेबल मला द्या. तिकडचे फोन मी घेईन, मला पोर्तुगीज येतं."

शेठ एवढे हसले की बिस्किट चहात पडलं. "निशा, तू गेटवरच्या गाड्या सांभाळ. ती बाई मोठी पार्टी आहे, तिकडे चुकलो तर संपला विषय. मी मुंबईहून माणूस बघितलाय."

माणूस म्हणजे भाविक. लिस्बनमध्ये दोन वर्षं राहून आलेला दुभाषा. मला राग आला, खोटं कशाला बोलू. रडूही आलं, पण ते मी बाथरूममध्ये उरकलं.

आता आक्काबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आक्का माझ्या बापाची थोरली बहीण, पण अख्खं शेलार तिला आक्काच म्हणतं. ती धवलारीण आहे. आमच्या लग्नांत धवले गाऊन विधी पार पाडते ती धवलारीण, तिच्यावाचून लग्न लागत नाही. लग्नाच्या दिवसांत आक्काला एका दिवसात तीन-तीन घरांची बोलावणी असतात. तिला लिहिता-वाचता येत नाही, वही नाही, आणि चाळीस वर्षांत एका मांडवात ती उशिरा पोचलेली नाही.

तिची रीत अशी. कुणी सांगायला आलं की, "आक्का, रविवारी संध्याकाळी या हां," तर आक्का हो म्हणतच नाही. आधी सगळं विचारून घेते, आणि मग समोरच्याला बसवून म्हणते, "आता तुज्या तोंडान सांग." त्या माणसाला पहिल्यापासून म्हणावं लागतं की रविवार, सांजचे सहा, कोन गावचा, मारुतीसमोरचा मांडव, न्यायला अमक्याचा पोर येणार. म्हणताना मध्येच तो अडखळतो. अरे, तो पोर तर हळदीला दुसरीकडे आहे! मग दुसरा पोर ठरतो. सगळं नीट म्हणून झालं की मग आक्का हो म्हणते.

मी लहानपणी एकदा विचारलं होतं, एवढा जाच का करतेस लोकांना. तेव्हा ती म्हणाली होती, "मी सांगितलां आन् त्यो हां बोलला, त्याला ठरला बोलत न्हाय. हां तर बकरीपन मान हलवते. त्यान सांगाचा, आन् मी हां बोलाचा."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो कॉल झाला. मी गाड्यांच्या कागदांवर सही घ्यायला शेठच्या केबिनमध्ये उभी होते. टेबलावर फोन स्पीकरवर होता, समोर भाविक, आणि शेठ दुसऱ्या मोबाइलवर कुणाला तरी मेसेज करत होते. दोना अल्सिराचा आवाज जाड, तुटक. भाविक झकास बोलत होता, मला त्याचा हेवा वाटला. ठरलं, आणि भाविकने शेठना हिंदीत सांगितलं, "सोलह तारीख, ग्यारह बजे, सीधा आपके लूम पे. ठीक है?"

"डन, डन," शेठ मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाले.

मला मात्र तारखेच्या आधी तिकडून आलेला वार ऐकू आला होता. सेश्ता-फैरा. शुक्रवार.

भिवंडीबाहेरच्या माणसाला यात काहीच वाटणार नाही. पण भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. आमचा रविवार शुक्रवारी असतो. त्या दिवशी इथे एवढी शांतता असते की कानात दडे बसल्यासारखं वाटतं. भाविकला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. शेठना पाळण्यात असल्यापासून माहीत होतं, पण त्यांनी नुसती तारीख ऐकली आणि मान हलवली. आणि ती बाई हजारो मैलांवरून कापड उतरताना बघायला येणार आणि कुलूप बघून जाणार होती.

"शेठ," मी हळूच म्हटलं, "सोळाला शुक्रवार आहे."

शेठनी हाताने मला गप्प केलं. तिकडे बाई निरोप घ्यायला लागली होती.

तीन वर्षांची नोकरी डोळ्यांसमोर आली. तरी मी टेबलावर वाकले आणि फोनमध्ये बोलले, "दोना अल्सिरा, देश्कुल्प." माफ करा. आणि मग पोर्तुगीजमध्ये, चुकतमाकत, एकेक शब्द उचलून ठेवत सांगितलं की शुक्रवारी इथे लूम बंद असतात. सगळ्या शहरात. तुम्ही याल आणि काहीच दिसणार नाही.

शेठचं तोंड उघडं राहिलं होतं.

"कोण बोलतंय?" बाईने विचारलं.

"निशा. मी गोदामात गाड्यांना वेळा देते."

मग ती जे काही बोलली त्यातलं निम्मं मला कळलं, पण राग पूर्ण कळला. तिसऱ्यांदा! ही तिसरी वेळ! गुरुवारी ती सुरतला, शुक्रवारी तिथून निघणार, शनिवारी दुपारी दोनला मुंबईहून तिचं विमान. मग यायचं कधी, सांगा!

हे मात्र माझं रोजचं काम होतं. ट्रक मागच्या दारातून किती वाजता सुटायला हवा, त्यावरून तो आत कधी घ्यायचा हे मी दिवसातून चाळीस वेळा मोजते. दोनचं विमान, म्हणजे अकराला विमानतळ. शेठचा लूमचा कारखाना शेलारला, तिथून साडेआठला निघालंच पाहिजे. बघायला दीड तास. म्हणजे सात. शुक्रवारी रात्री तिने ठाण्यातल्या हॉटेलात राहायचं, शनिवारी सकाळी सहाला गाडी दारात.

मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "सिं, सिं." हो, हो.

हे 'हो, हो' मला नको होतं. शेठही असंच म्हणाले होते मिनिटापूर्वी. मी म्हटलं, "पोर्तुगीजमध्ये मी नवी आहे, दोना अल्सिरा. कृपा करून तुम्ही तुमच्या तोंडाने एकदा सगळं सांगा."

भाविकने डोळे मिटून घेतले. एवढ्या मोठ्या बाईला कुणी असं सांगतं का! पण तिकडून आवाज आला, सावकाश, शाळेतल्या मुलीला सांगावं तसा. "साबादु, दिया देझासेत. सहा वाजता गाडी हॉटेलवर. सात वाजता लूम. लूम चालू."

"सिं," मी म्हटलं. "कोंफिर्मादु." पक्कं.

"आता तू सांग, मुली," ती म्हणाली.

मी सगळं पुन्हा सांगितलं. शनिवार, सतरा तारीख, सहा, सात, लूम चालू. तिने फोन ठेवला.

शेठनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. सोळावर बोट ठेवलं, वर वाराकडे नेलं आणि खाली बसले. मग राग माझ्यावर काढला, कारण कुणावर तरी काढायलाच हवा होता. चिडले की त्यांची बोली गावची होते. "तुला मदी बोलाला कोनी सांगितला? आन् सातला? सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सातला लूम कोन चालू करतो? नवाच्या आधी मानूस न्हाय येत!"

"येईल," मी म्हटलं.

"भाषा तिची बरोबर होती," भाविक मध्ये पडला. "उच्चार थोडे कच्चे आहेत. पण मला शुक्रवारचं माहीतच नव्हतं, साहेब. मी तर बाईंना कुलपासमोर उभं केलं असतं."

भाविक चांगला माणूस निघाला. शेठ बराच वेळ पेन टेबलावर आपटत बसले आणि म्हणाले, "ठीक आहे. तू ठरवलंस, तू निभाव. सतराला सातच्या ठोक्याला लूम चालू असली तर मापुतोचं टेबल तुझं. नसली तर गेटवरही दिसू नकोस."

मी बाहेर आले आणि पहिल्यांदा बाटलीभर पाणी प्यायले.

पंधरा तारखेला, गुरुवारी, मी शेलारच्या कारखान्यात गेले. तिथलं सगळं दौलतभाऊंच्या हाती. तीस वर्षं लूमवर काढलेला माणूस, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. त्यांनी माझं ऐकलं आणि हात हलवला. "हो जायेगा, टेन्शन मत लो."

"हो जायेगा नको, दौलतभाऊ. तुमच्या तोंडाने सांगा."

"अरे, काय सांगू? शनिवारी सहाला मी येणार. सहा कारीगर येणार, त्यांना आजच बोलून ठेवतो. शटर उघडणार, साडेसहाला लूम चालू." ते थांबले. डोक्यावरून हात फिरवला. "शटर उघडणार... अरे बापरे. चावी हेल्परकडे, सावळ्याकडे असते. तो आज शिफ्ट संपली की पाड्यावर जाणार, सीधा शनिवारी नऊला येणार."

मग दौलतभाऊ पळत मागच्या दाराकडे गेले आणि सावळ्याकडून चावी घेऊन आले. ती त्यांनी कमरेच्या करगोट्याला बांधली, माझ्यासमोर, दोन गाठी मारून. त्यानंतर त्यांनी एकदाही टेन्शन मत लो म्हटलं नाही.

ड्रायव्हर बाबू तर 'निघालोय'चा राजा. त्याने फुगलेल्या तोंडाने सगळं म्हणून दाखवलं, गाडीत तेल कधी भरणार ते सुद्धा. राहिले शेठ. शुक्रवारी सकाळी फोन करून म्हटलं, "शेठ, उद्याचं एकदा तुमच्या तोंडाने..."

"ए, मला शिकवू नको! माझाच धंदा आहे ना? येतोय मी." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी आक्का अंगणात वाल सोलत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, सोलत होती. शेवटी म्हणाली, "सगल्यांकडून बोलून घेतलास. तुज्याकडून कोनी घेतला?"

मी तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि बोलले. शनिवार, सतरा. पाचला उठणार, पावणेसहाला कारखान्यावर, सातला दारात. सगळं म्हणून झालं. मी तिला म्हटलं, "आक्का, मला भीती वाटते गं."

"वाटूदे," ती म्हणाली. "वेल ठरली ना? आता भ्याली तरी त्याच वेलेला भ्याची." आणि मग, मला ऐकायचं होतं तेवढंच, "हां."

शनिवारी पावणेसहाला अंधार होता, थंडी होती. दौलतभाऊ शटरसमोर उभे होते, करगोट्याची गाठ सुटत नव्हती म्हणून आईबहिणीवरून पुटपुटत. शेवटी दाताने सोडवली. सहा कारीगर आले, सहाच्या सहा, मफलरी गुंडाळून. पावणेसातला पहिली लूम खडखडली, मग दुसरी, मग सगळी रांग. जन्मभर त्या आवाजाने माझं डोकं उठलं आहे, पण त्या दिवशी मला तो बँडबाजासारखा वाटला. जमीन पायाखाली थरथरत होती आणि मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं.

सहा अठ्ठावन्नला पांढरी गाडी वळली. बाबू केस विंचरून बसला होता. मागून दोना अल्सिरा उतरली. उंच, रुंद, डोक्याला पिवळा रुमाल. तिने आधी माझ्याकडे पाहिलंच नाही. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग कान देऊन आतला खडखडाट ऐकला. मग माझ्याकडे वळली.

"सेत," ती म्हणाली. सात.

"सेत," मी म्हटलं.

आणि ती हसली. एवढं मोठं हसली की दौलतभाऊही हसायला लागले, काही न कळता.

तिने दीड तास एकेक लूम बघितली. कापड उतरताना बोटांत चोळलं, उजेडात धरलं, पिशवीतून भिंग काढून धागे मोजले. मला विचारत गेली, मी सांगत गेले. जिथे शब्द अडला तिथे दौलतभाऊंनी हाताने दाखवलं. एकदा मी सातव्या लूमला नववी म्हणाले, तिने दुरुस्त केलं. कुणी मेलं नाही.

या सगळ्यात शेठचा पत्ता नव्हता. सातला फोन केला तेव्हा म्हणाले, "निघालोय, कोन गावच्या नाक्यावर आहे, ट्रॅफिक आहे." मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. साडेसातला पोचतोच होते. आठला पाच मिनिटांत होते.

आठ वीसला आले. हातात मोठा गुच्छ, शर्टाचं एक बटण वरच्या काजात. बाई तेव्हा गाडीकडे निघाली होती. तिने गुच्छ घेतला, शेठच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे बघून बोलली. शेठही माझ्याकडे बघायला लागले. पहिल्यांदाच, मी काय सांगते याची वाट बघत.

"शेठ, त्या म्हणतायत, कापड पसंत आहे. पुढच्या वेळी त्या तेरा एप्रिलला येतील, सोमवारी, सकाळी नऊला, इथेच. यापुढे वेळ त्या माझ्याशीच ठरवतील. आणि मालकांनीही हजर राहावं, अशी त्यांची इच्छा आहे."

शेठ घाईने मान हलवायला लागले. "हो हो! सांग त्यांना, येतोय मी. डन!"

मी काहीच सांगितलं नाही. बाई थांबली होती. दौलतभाऊ शटरला टेकून उभे होते. बाबूने गाडीची काच खाली केली.

"शेठ," मी म्हटलं, "तुमच्या तोंडाने सांगा."

शेठचे कान लाल झाले. मला वाटलं, आता ओरडणार. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा चालू लूमकडे, आणि खाकरले.

"सोमवार," ते म्हणाले. "तेरा एप्रिल. सकाळी नऊ. शेलारचा कारखाना." मग जरा थांबून, हळू आवाजात, "मी घरून आठला निघणार. खरोखर निघणार."

"हो," मी म्हटलं, आणि बाईंना पोर्तुगीजमध्ये सांगितलं की पक्कं झालं.